भांगेचे तेल आणि उपाशी पेशी

नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या घरात कॅन्सरचे निदान झाले, की पहिल्या आठवड्यातच मोबाइलवर दोन सल्ले हटकून येऊन पडतात. पहिला उपवासाचा : एकादशी धरा, सोळा तास पोटात काही घालू नका, शरीर स्वतःच गाठ खाऊन टाकते, जपानच्या शास्त्रज्ञाला याच शोधाबद्दल नोबेल मिळाले आहे. दुसरा भांगेचा : परदेशात गांजाच्या तेलाने कॅन्सर बरा होतो, औषध कंपन्या ही गोष्ट दाबून ठेवतात. पहिला सल्ला बहुधा मावशीकडून किंवा आत्याबाईंकडून येतो, दुसरा पुण्याला नोकरीत असलेल्या पुतण्याकडून. दोघांची तळमळ खरी असते. आपण पेशीतल्या एकाच घडामोडीबद्दल बोलतो आहोत, याची मात्र दोघांनाही कल्पना नसते. त्या घडामोडीचे नाव ऑटोफॅजी, मराठीत स्वभक्षण.

दोन्ही सल्ल्यांच्या मुळाशी खरे संशोधन आहे. नोबेल मिळाले, हे खरे. गांजातल्या रसायनांनी प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मेल्या, हेही खरे. अडचण त्यापुढे सुरू होते. ऑटोफॅजी वाढवून कॅन्सर मारू पाहणारे संशोधक जगात आहेत, तसे तीच ऑटोफॅजी बंद पाडून कॅन्सर मारू पाहणारेही आहेत. आणि दोघांकडेही पुरावे आहेत.

पेशीचा दुष्काळ

बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांनी १९५५ साली पेशीत पाचक रसांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या शोधल्या. त्यांना लायसोसोम म्हणतात. पेशीचे स्वतःचेच तुकडे या पिशव्यांत जाऊन विरघळतात, हे लक्षात आल्यावर १९६३ मध्ये त्यांनी या क्रियेला ऑटोफॅजी हे नाव दिले. नाव मिळाले, पण ही क्रिया कोणती जनुके चालवतात, हे पुढची जवळजवळ तीस वर्षे कोणालाच सांगता येईना.

ते कोडे टोकियोच्या योशिनोरी ओसुमी यांनी सोडवले, आणि तेही पाव फुगवायला लागणाऱ्या यीस्टवर. त्यांनी यीस्टची उपासमार केली. पण त्याआधी एक युक्ती केली : पचनाचे एन्झाइम नसलेले यीस्ट निवडले. त्यामुळे पचनासाठी आलेल्या पिशव्या न विरघळता साठत गेल्या आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसू लागल्या. हे निरीक्षण १९९२ चे. पुढच्याच वर्षी त्यांनी या क्रियेला आवश्यक अशी १५ जनुके वेगळी काढली. माणसाच्या पेशीत जवळपास तीच यंत्रणा सापडली आणि ३ ऑक्टोबर २०१६ रोजी ओसुमींना वैद्यकाचे नोबेल जाहीर झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आज याच यंत्रणेचा अभ्यास फळमाशीवर चालतो.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याला ही क्रिया समजायला जड जाणार नाही. वैरण संपली की गोठ्याच्या छपराचे जुने पाचट ओढून बैलापुढे टाकावे लागते. बाहेरून अन्न येणे थांबले की पेशीही तेच करते. निकामी झालेली प्रथिने, म्हातारी झालेली मायटोकाँड्रिया यांच्याभोवती दुहेरी पडद्याची पिशवी तयार होते, ती लायसोसोमला जाऊन मिळते, आतला माल विरघळतो आणि त्यातून निघालेला कच्चा माल पेशी पुन्हा वापरते. अन्न पुरेसे आहे की नाही, याची खबर एमटॉर नावाचे प्रथिन ठेवते. ते जागे असेपर्यंत ऑटोफॅजी थंड असते. ते थंडावले, की ऑटोफॅजी सुरू. मात्र छपराचे थोडे पाचट ओढले तर बैल जगतो, सगळेच ओढले तर गोठाच बसतो. कॅन्सरमधला सगळा वाद या ‘थोडे’ आणि ‘सगळे’ यांच्यामध्ये अडकला आहे.

अमेरिकेत बेथ लेव्हिन यांनी १९९९ मध्ये दाखवले, की बेक्लिन-१ हे ऑटोफॅजीचे जनुक स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत परत घातले तर त्यांची वाढ मंदावते. म्हणजे ऑटोफॅजी कॅन्सरला आळा घालते. पुढे रटगर्स विद्यापीठाच्या आयलीन व्हाइट यांच्या प्रयोगशाळेतून दुसरी बाजू समोर आली. गाठ मोठी झाली की तिच्या गाभ्यापर्यंत रक्त नीट पोचत नाही, तिथल्या पेशी प्राणवायू आणि साखरेविना राहतात, आणि अशा वेळी त्या ऑटोफॅजीच्याच जोरावर तग धरतात. निरोगी पेशीला कॅन्सरपासून वाचवणारी यंत्रणा पुढे कॅन्सरच्या पेशीलाही वाचवू शकते.

उपवासाचा सल्ला इथेच लंगडा पडतो. उपवासाने ऑटोफॅजी वाढते, हे प्राण्यांत दिसले आहे. पण ती नेमकी गाठ खाईल आणि बाकीच्या शरीराला हात लावणार नाही, असे ओसुमींनी कधी म्हटलेले नाही. उलट तोंडाच्या किंवा अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या रुग्णाला घास गिळणे आधीच अवघड झालेले असते, वजन उतरत असते. वजन फार घटले तर किमो आणि शेक दोन्ही सोसत नाहीत. त्या अवस्थेत एकादशीच्या जोडीला प्रदोष आणि चतुर्थी धरणे म्हणजे उपचाराची ताकदच कमी करणे.

बसमधून नेलेले पाच किलो चरस

आता भांगेकडे वळू. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे : पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, आणि त्यांवरचा चीक म्हणजे चरस. या झाडात शंभराहून जास्त कॅनाबिनॉइड रसायने आहेत. त्यांतली दोन गाजली. नशा आणणारे टीएचसी आणि नशा न आणणारे सीबीडी.

टीएचसीची रचना १९६४ मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. मेशुलम तेव्हा तरुण होते. संशोधनाला चरस लागणार म्हणून ते थेट पोलिसांकडे गेले, तिथून पाच किलो जप्त चरस घेतले आणि साध्या प्रवासी बसने प्रयोगशाळेत परतले. बसमधल्या लोकांना वास येत होता, असे ते पुढे हसत सांगत. नांदेड–लातूर एसटीत आज कोणी हे धाडस केले तर एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे एक किलोच्या पुढचे चरस ‘व्यापारी प्रमाण’ ठरते आणि शिक्षा किमान दहा वर्षांची आहे.

टीएचसी हाती आले तरी ते शरीरात नेमके कशावर काम करते, हे कळायला आणखी पंचवीस वर्षे गेली. १९९० मध्ये मेंदूतल्या सीबी-१ या ग्राहक प्रथिनाची जनुकीय रचना समजली, १९९३ मध्ये प्रतिकारशक्तीच्या पेशींवरच्या सीबी-२ ची. मधल्या काळात, १९९२ मध्ये, मेशुलम यांच्याच गटाला शरीर स्वतः तयार करत असलेले कॅनाबिनॉइड सापडले. त्याचे नाव अनँडामाइड. म्हणजे ही ग्राहक प्रथिने गांजासाठी घडलेली नव्हती. भूक, वेदना, उलटी, झोप, स्मृती यांचे नियमन करणारी शरीराची ती स्वतःची व्यवस्था आहे, आणि टीएचसी तिच्यात बाहेरून शिरते.

कॅन्सर रुग्णांना याचा पहिला अधिकृत उपयोग झाला तो उलट्यांसाठी. किमोनंतरची मळमळ थांबवायला ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन या गोळ्यांना अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली. पहिलीत कारखान्यात बनवलेले टीएचसीच आहे, दुसरीत त्याच्यासारखे कृत्रिम रसायन. त्याच वर्षी भारतात एनडीपीएस कायदा आला.

माद्रिदमधला शोध

टीएचसी कॅन्सरच्या पेशीला मारते, ही गोष्ट ठळकपणे पुढे आली ती स्पेनमधून. माद्रिदच्या कॉम्प्लुतेन्से विद्यापीठातले मान्युएल गुस्मान मेंदूच्या पेशींतल्या स्निग्ध पदार्थांच्या चयापचयाचा अभ्यास करत. १९९८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले, की टीएचसीमुळे ग्लायोमा या मेंदूच्या कॅन्सरच्या पेशी आत्मनाश करतात. २००० मध्ये हाच प्रयोग उंदरांवर झाला. मेंदूतल्या गाठीत नळीने थेट टीएचसी सोडले. काही उंदरांची गाठ नाहीशी झाली, काहींचे आयुष्य वाढले, काहींवर काहीच परिणाम झाला नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशात यातले पहिले वाक्य तेवढे उरते.

गुस्मान आणि त्यांचे सहकारी गियेर्मो व्हेलास्को यांनी पुढे या मृत्यूचा मार्ग पायरीपायरीने शोधला. त्यांचा २००९ चा निबंध या विषयातला मैलाचा मानला जातो. टीएचसी ग्राहक प्रथिनावर बसले की पेशीत सिरामाइड नावाचा स्निग्ध पदार्थ साठतो. त्यामुळे प्रथिने घडवणाऱ्या जाळ्यावर, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर, ताण येतो. त्या ताणातून पी-८ आणि टीआरबी-३ ही प्रथिने वाढतात आणि ती एमटॉरला थंड करतात. एमटॉर थंडावले की ऑटोफॅजी सुरू होते, आणि ती थांबत नाही. अखेर पेशी आत्मनाशाच्या वाटेला लागते. मेंदूच्या निरोगी आधारपेशींत मात्र हे घडले नाही.

नुसती ऑटोफॅजी दिसली म्हणून तिनेच पेशी मारली, असे म्हणता येत नाही. मरणारी पेशी वाचण्यासाठीही ऑटोफॅजी सुरू करू शकते. म्हणून माद्रिदच्या गटाने ऑटोफॅजीची जनुके बंद पाडून तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी टीएचसी दिले तरी पेशी जगल्या. ऑटोफॅजी नसलेल्या गाठींवर, उंदरांमध्येसुद्धा, टीएचसीचा इलाज चालला नाही. म्हणजे इथे ऑटोफॅजी मारेकऱ्याच्याच बाजूची होती.

मधल्या काळात माणसावरही एक छोटा प्रयोग झाला होता. २००६ मध्ये गुस्मान यांच्या गटाने नऊ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सगळ्यांना ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूच्या कॅन्सरचा सर्वांत आक्रमक प्रकार. ऑपरेशन आणि शेक घेऊनही गाठ परत वाढलेली. त्यांच्या मेंदूत नळी बसवून गाठीतच टीएचसी सोडले गेले. उपचार सुरू झाल्यापासूनचे मध्यम आयुर्मान २४ आठवडे निघाले. औषध न घेतलेला तुलनेचा गट त्यात नव्हता, कारण प्रयोगाचा प्रश्नच ‘हे सुरक्षित आहे का’ एवढा होता. यातल्या दोन रुग्णांच्या गाठीचे तुकडे २००९ च्या अभ्यासात तपासले तेव्हा उपचारानंतर ऑटोफॅजीच्या खुणा वाढलेल्या आढळल्या.

सीबीडीची वाट थोडी वेगळी आहे. ते सीबी-१ ला फारसे धरत नाही. बोस्टनच्या आशुतोष श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत सीबीडीमुळे ऑटोफॅजी आणि आत्मनाश दोन्ही एकत्र सुरू होतात, आणि दोन्हींच्या मध्ये तेच बेक्लिन-१ असते. माद्रिदच्या गटाचा सहभाग असलेल्या एका अभ्यासाने त्याच वर्षी यकृताच्या कॅन्सरच्या पेशींत टीएचसीचाही ऑटोफॅजीमार्फत परिणाम होत असल्याचे नोंदवले.

मलेरियाची गोळी उलट दिशेने

आता ऑटोफॅजी बंद पाडू पाहणारी दुसरी फळी. तिचे हत्यार मराठवाड्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला ओळखीचे आहे : हिवतापाची कडू गोळी, क्लोरोक्विन. ही गोळी लायसोसोममधली आम्लता घालवते. पिशव्या भरतात, पण आतले काही पचत नाही, आणि ऑटोफॅजी अर्ध्यावर अडकते. गाठीतल्या उपाशी पेशींचा शेवटचा आधारच काढून घ्यायचा, असा हा विचार.

मेक्सिको सिटीत तीस ग्लायोब्लास्टोमा रुग्णांवर या गोळीचा प्रयोग झाला आणि २००६ मध्ये त्याचा निष्कर्ष आला. नेहमीच्या उपचाराला क्लोरोक्विनची जोड मिळालेल्यांचे मध्यम आयुर्मान २४ महिने, न मिळालेल्यांचे ११. आकडे डोळ्यांत भरणारे, पण रुग्ण थोडे, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक पक्का ठरला नाही. अमेरिकेत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन देऊन मोठा अभ्यास झाला. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षात आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही. ऑटोफॅजी पुरेशी रोखायला जेवढा डोस लागला असता, तेवढा रुग्णांच्या रक्तपेशींना सोसला नाही.

म्हणजे २००६ या एकाच वर्षी, एकाच कॅन्सरवर, एका देशात ऑटोफॅजी भडकवणारे औषध तपासले गेले आणि दुसऱ्या देशात ती विझवणारे. दोन्ही गट प्रामाणिक, दोघांचेही प्रयोग नीट केलेले. ऑटोफॅजी कोणत्या पेशीत, किती वेळ, कोणत्या टप्प्यावर चालली आहे, यावर तिचा परिणाम ठरतो. एका गाठीत जे औषध ठरते ते दुसऱ्या गाठीला बळ देऊ शकते. ‘ऑटोफॅजी वाढते म्हणून कॅन्सर बरा होतो’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. उपवासाच्या बाबतीतही आणि तेलाच्या बाबतीतही.

काचेच्या बशीतून रुग्णापर्यंत

काचेच्या बशीत पेशींवर जेवढ्या तीव्रतेचे टीएचसी ओतता येते, तेवढे तोंडाने घेतलेल्या तेलातून किंवा चिलमीच्या धुरातून गाठीपर्यंत पोचणे कठीण असते. म्हणून आता प्रयोग होतात ते मोजून दिलेल्या औषधाचे. ब्रिटनमध्ये टीएचसी आणि सीबीडी समप्रमाणात असलेला तोंडात मारायचा फवारा, टेमोझोलोमाइड या किमोसोबत, परत वाढलेल्या ग्लायोब्लास्टोमावर वापरून पाहिला. त्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. फवारा मिळालेल्या १२ रुग्णांपैकी ८३ टक्के एक वर्षानंतर हयात होते. नुसत्या किमोसोबत खोटा फवारा मिळालेल्या ९ जणांपैकी ४४ टक्के. एकूण रुग्ण २१. इतक्या थोड्या लोकांत दोनचार जणांच्या नशिबाने आकडा पालटतो, हे संशोधकांनाही ठाऊक होते. म्हणून लीड्सच्या प्रा. सुसन शॉर्ट यांच्या नेतृत्वाखाली दोनशेहून अधिक रुग्णांची ‘अ‍ॅरिस्टोक्रॅट’ नावाची चाचणी आखण्यात आली.

काही प्रयोगांनी धोक्याची घंटाही वाजवली आहे. सॅन डिएगोच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरमध्ये कॅनाबिनॉइडमुळे पेशींची वाढ उलट जोर धरते. इस्रायलमध्ये २०१९ च्या एका पाहणीत, प्रतिकारशक्तीला चेतवणारे निव्होलुमॅब घेणाऱ्या रुग्णांपैकी गांजाही घेणाऱ्यांमध्ये औषधाला प्रतिसाद कमी दिसला. त्या आकडेमोडीवर पुढे आक्षेपही आले. कॅनाबिनॉइड प्रतिकारशक्तीच्या पेशींना शांत करतात, हे लक्षात घेतले तर शंका अगदीच निराधार नाही. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. किमोच्या न थांबणाऱ्या उलट्यांवर उपयोग होऊ शकतो. पण कॅन्सरच बरा करण्यासाठी, चाचणीबाहेर, गांजा किंवा कॅनाबिनॉइड वापरू नयेत.

बाटली, कायदा आणि कळ

तरीही तेल घरात येते. एनडीपीएस कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आहे. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया त्या व्याख्येत बसत नाहीत. पानांचा, म्हणजे भांगेचा, कारभार राज्यांकडे आहे. आयुर्वेदात भांग ‘विजया’ नावाने येते, आणि आयुष परवान्यावर बनवलेले विजया तेल आज वैद्याच्या चिठ्ठीवर ऑनलाइन मिळते. दुसरीकडे तुरीच्या किंवा कापसाच्या ओळींत लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटल्याची बातमी मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून असतेच. त्या झाडातून कोणी घरी काढलेल्या तेलात टीएचसी किती, कीटकनाशक किती, हे कोणीच सांगू शकत नाही.

विजया तेल चालू असेल तर ती बाटली डॉक्टरांना दाखवणे गरजेचे आहे. सीबीडी यकृतातल्या औषधे मोडणाऱ्या एन्झाइमांना अडवते. त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचे प्रमाण रक्तात वाढू शकते, आणि किमोच्या काही औषधांचा हिशेबही बिघडू शकतो.

बरेच रुग्ण तेलाकडे वळतात ते कॅन्सर जाईल या आशेने नव्हे, तर कळ सोसवत नाही म्हणून. त्यांच्यासाठी कायद्याने मान्य असलेले, कसून तपासलेले औषध आहे : तोंडाने घ्यायचे मॉर्फिन. त्याचे परवाने पूर्वी इतके किचकट होते, की अनेक दवाखाने ते ठेवायलाच घाबरत. २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना अनेक परवान्यांची गरज उरली नाही. डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या मॉर्फिनने कॅन्सरच्या रुग्णाला व्यसन लागते, ही भीती मात्र गावोगाव अजून आहे.

बार्शीने दिलेला पुरावा

मेंदूचा ग्लायोब्लास्टोमा तसा विरळा. मराठवाड्यातल्या घरांत येणारा कॅन्सर बहुतेक तोंडाचा, स्तनाचा किंवा गर्भपिशवीच्या तोंडाचा असतो. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले चोवीस टक्क्यांहून अधिक प्रौढ तंबाखू चघळत किंवा घासत असल्याचे आढळले. गुटख्यावर राज्याची बंदी २०१२ पासून असूनही. खेड्यांतल्या बायकांची मिसरी हा त्याचाच भाग. उपचारासाठी लातूरचे विवेकानंद रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे, आणि त्यापुढे देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने परळचे टाटा. नांदेडहून टाटाला निघालेल्या रुग्णाची गाठ बहुधा आधीच वाढलेली असते.

याच प्रदेशाने जगाला कॅन्सरबद्दलचा एक भक्कम पुरावा दिला आहे. लातूरपासून फार दूर नसलेल्या बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. तिथे १९८७ मध्ये डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकाराने बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांची कॅन्सर नोंदणी सुरू झाली. भारतातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. खेड्यात पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा नव्हती, म्हणून कर्मचारी गावोगाव हिंडत, बैठका घेत, अंगावरून पांढरे जाते का, तोंडात न भरणारी जखम आहे का, असे विचारत आणि संशयित रुग्णाला दवाखान्यात आणत. एवढ्या चौकशीनेच गर्भपिशवीच्या तोंडाचे कॅन्सर पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागले.

या अनुभवावर पुढची चाचणी उभी राहिली. १९९९ ते २००३ या काळात उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ४९७ गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले गेले. एका गटाची गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा. हे काम बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन यांनी मिळून केले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये आकडे जाहीर झाले : चौथ्या गटात या कॅन्सरने ६४ स्त्रिया गेल्या, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. तपासणी न मिळालेला गट ठेवावा का, यावर नंतर नैतिक प्रश्नही विचारले गेले. पण जगभरच्या तपासणीच्या धोरणांत या निष्कर्षाचा आधार घेतला गेला.

२००९ मध्येच बार्शी हे एचपीव्ही लसीच्या देशव्यापी अभ्यासाचेही एक केंद्र झाले. २०१० मध्ये सरकारने लसीकरण मध्येच थांबवले आणि हजारो मुलींना ठरलेल्या डोसांपैकी एकच मिळाला. त्या मुलींचा पाठपुरावा सुरू राहिला. २०२१ मध्ये दिसले, की एचपीव्ही १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही ९५ टक्क्यांच्या घरात संरक्षण मिळते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागे या मुलींचा वाटा आहे.

टीएचसीच्या बाजूने उभा असलेला सर्वांत चांगला मानवी पुरावा २१ रुग्णांचा आहे. धाराशिवचा पुरावा सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा. माद्रिदचे संशोधन महत्त्वाचे नाही, असा याचा अर्थ नाही. अशाच प्रयोगांतून उद्याची औषधे येतात, आणि ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णासाठी मोठ्या चाचणीच्या निकालाचे मोल फार असेल. पण ज्या कॅन्सरने नांदेड–लातूरकडच्या बायका जातात, त्याला लागणारी तपासणी आजच उपलब्ध आहे. २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे तोंड, स्तन आणि गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी तिशीपासून सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. गर्भपिशवीच्या तोंडाची पाहणी करायला काही मिनिटे लागतात, आणि ती करण्याचे प्रशिक्षण परिचारिकांनाही देता येते. धाराशिवच्या गावांत ते काम अशाच प्रशिक्षित परिचारिकांनी केले होते.